वीस मिनिटें

एखादें कृत्य करण्यापूर्वीं त्याचें फळ काय होईल हें जाणून घेण्याची इच्छा मनुष्यास स्वाभाविक आहे, आणि ती निंद्य आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. शेतकरी पेरणीपूर्वीं आभाळाकडे पाहतो, व्यापारी माल भरण्यापूर्वीं बाजाराचा अंदाज घेतो, आई मुलास दूध पाजण्यापूर्वीं त्याचा एक थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहते. या सर्व परीक्षाच होत. आणि शेवटची तर इतकी निर्मळ आहे कीं परीक्षा हा प्रेमाचाच एक प्रकार असावा असें तीवरून वाटतें. परंतु सर्वच परीक्षा अशा नसतात. कांहीं परीक्षा ज्याच्यासाठीं म्हणून केल्या जातात त्याच्या उपयोगाच्या त्या नसतात. करणाऱ्याच्या मनास स्वस्थता वाटावी एवढाच त्यांचा हेतु असतो. दोहोंचें बाह्य रूप सारखें, लागणारा वेळहि सारखा. मग त्यांतील भेद ओळखावा कसा? हा प्रश्न मला एका विद्यार्थ्यानें घातला. त्यानें तो या शब्दांत घातला नव्हता. पण त्याच्या साध्या प्रश्नाच्या पोटांत हाच प्रश्न होता, हें मला पुष्कळ दिवसांनीं कळून आलें.

हा विद्यार्थी शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या सीमेवरील एका खेड्यांतला. त्याच्या वडिलांना कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत, बांधावरचें गवत कापीत असतां, घोणस चावली. घरच्यांनीं शहाणपणा केला. भगताकडे न जातां तासाभरांत त्यांना दवाखान्यांत पोंचविलें. त्या दवाखान्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. प्रतिविष कपाटांत होतें. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर एकटाच होता. त्यानें प्रतिविषाचा एक थेंब रोग्याच्या हाताच्या कातडींत टोंचला व घड्याळ लावून वीस मिनिटें वाट पाहिली. वीस मिनिटांनीं त्या जागीं एक लालसर गांधी उठलेली दिसली. 'यांना हें औषध सोसणार नाहीं, शहरांत न्या,' असें सांगून डॉक्टरानें चिठ्ठी लिहून दिली. पाऊस, रस्ता आणि गाडीची शोधाशोध यांत तीन तास गेले. शहरांतील डॉक्टरांनीं कोणताहि थेंब न टोंचतां तेंच प्रतिविष शिरेंतून दिलें. रोग्यास थंडी वाजून आली, अंगावर गांधी उठल्या, त्यांवर लागलीच उपाय झाला व प्रतिविष पुढें चालू राहिलें. मनुष्य वांचला, पण त्याचीं मूत्रपिंडें अधू झालीं, तीं कायमचीं. 'सर, त्या डॉक्टरांचें चुकलें का?' असें त्या मुलानें मला विचारलें. त्याच्या स्वरांत राग नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवें होतें, आणि मला तें त्या दिवशीं देतां आलें नाहीं.

हा मुलूख ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले तालुके. एकीकडे माहुलीचा किल्ला व कसाऱ्याचा घाट, दुसरीकडे सिद्धगड, नाणेघाट व माळशेज. मध्यें भाताचीं खाचरें, उतारावर नागली-वरईचीं वरकस शेतें, आणि कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचीं गांवें व वाड्या. येथल्या तानसा व भातसा जलाशयांचें पाणी मुंबई पिते. शहापुरास निदान आसनगांवचें स्टेशन जवळ आहे. मुरबाडच्या माणसास मात्र कल्याण गांठावयाचें तर सडकेवांचून गति नाहीं. लावणीच्या दिवसांत माणसें गुडघाभर चिखलांत अनवाणी उभीं असतात. बेडूक आणि उंदीर यांच्या मागोमाग साप येतो. मण्यार तर रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरते, आणि तिचा दंश कित्येकदां जाणवतहि नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा कीं २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें मेलीं. म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००. त्यांपैकीं बहुतेक खेड्यांतलीं, व मृत्यु बहुधा पावसाळ्यांतले. तेव्हां त्या मुलाच्या वडिलांची कथा ही एकट्या त्याच्या घरची नव्हे.

आतां तो थेंब काय होता व त्यापासून काय कळावयाचें होतें तें पाहूं. सर्पविष हें मुख्यत्वें प्रथिनांचें मिश्रण असतें. तें अगदीं अल्प प्रमाणांत, हळूहळू वाढवीत, घोड्यास टोंचतात. घोड्याचें शरीर हें परकें प्रथिन ओळखतें व त्यास निष्प्रभ करणारीं प्रतिद्रव्यें आपल्या रक्तांत निर्माण करतें. तीं वेगळीं काढून, शुद्ध करून बाटलींत भरलीं कीं प्रतिविष झालें. १८९० सालीं बेरिंग व किटासाटो यांनीं घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांबाबत ही वाट दाखविली, आणि काल्मेत यानें १८९५ च्या सुमारास ती सर्पविषास लागू केली. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर मिळून एकच प्रतिविष तयार करतात; त्यासाठीं लागणारें विष मुख्यतः तामिळनाडूंतील इरुळा लोकांची सहकारी संस्था पुरविते. म्हणजे बांधावर पडलेल्या मुरबाडच्या कुळंब्यास वांचविण्यासाठीं दूरच्या इरुळा गारुड्याचें कसब आणि कोणा एका अबोल घोड्याचें रक्त हीं दोन्हीं कामीं येतात. या ऋणाचा विचार आपण क्वचित्च करतों.

पण या उपकारांत एक अडचण आहे. प्रतिविष म्हणजे एका शरीरानें परक्या प्रथिनास दिलेलें उत्तर. तें आपण दुसऱ्या शरीरांत घालतों, आणि त्या दुसऱ्या शरीरास घोड्याचें प्रथिनहि परकेंच असतें. शरीरास मित्र व शत्रु हा भेद कळत नाहीं. त्यास आपलें व परकें एवढाच भेद कळतो. १९०२ सालीं रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं एकदां टोंचलेलें परकें द्रव्य कांहीं आठवड्यांनीं पुन्हा टोंचलें असतां कुत्रीं पूर्वींपेक्षां कितीतरी कमी मात्रेनेंहि तडकाफडकीं मरतात. संरक्षण व्हावयाचें तेथें उलट घात होतो, म्हणून या प्रकारास त्यांनीं ॲनाफिलॅक्सिस असें नांव दिलें, व त्या संशोधनाबद्दल रिशे यास १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९०५ सालीं व्हिएन्नाच्या पिर्के व शिक या वैद्यांनीं घोड्याच्या रक्तरसानें उपचार केलेल्या मुलांस आठ-दहा दिवसांनीं येणारा ताप, सांधेदुखी व पुरळ यांचें वर्णन करून हा औषधाचा दोष नसून रोग्याच्या शरीरानें औषधास दिलेलें उत्तर आहे, असें दाखविलें. पुढच्याच वर्षीं पिर्के यानें 'ॲलर्जी' हा शब्द बनविला; तो आज आपल्या घरोघरच्या बोलण्यांत आहे.

यावरून एक कल्पना सहज सुचते. ज्याचें शरीर घोड्याच्या प्रथिनावर खवळणारें आहे तें एका थेंबावरहि थोडेंसें खवळेल. तेव्हां आधीं थेंब टोंचून पाहावा. कल्पना सरळ व दिसण्यांत निर्दोष आहे, म्हणून ती पाठ्यपुस्तकांत शिरली व पिढ्यान् पिढ्या टिकली. परंतु ती खरी नव्हती. थायलंड व नायजेरिया येथील सर्पदंशाच्या रोग्यांवर केलेल्या व १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं ज्यांच्या कातडीवर गांधी उठली त्यांपैकीं कित्येकांस प्रतिविष निर्धास्त सोसलें, आणि ज्यांची कातडी स्वच्छ राहिली त्यांपैकीं कित्येकांस जोराची प्रतिक्रिया आली. थेंबाची साक्ष व पुढें घडलेली गोष्ट यांचा मेळच नव्हता. कारणहि शोधलें तर सांपडतें. प्रतिविषाची तात्काळ प्रतिक्रिया बहुतेक वेळां शरीराच्या जुन्या वैरांतून उत्पन्न होत नाहीं. परक्या प्रथिनाचा मोठा सांठा एकदम रक्तांत शिरल्यामुळें रक्तांतीलच कांहीं संरक्षक द्रव्यें खवळून ती उद्भवते. ती मात्रेवर व वेगावर अवलंबून असते. रोग्यास पहिल्या खेपेस आठ ते दहा बाटल्या, म्हणजे १०० मिलिलिटरपर्यंत प्रतिविष द्यावें लागतें. थेंब असतो एक दशांश मिलिलिटर किंवा त्याहून कमी. समुद्राच्या भरतीचा अंदाज ओंजळभर पाण्यावरून बांधण्यासारखेंच हें झालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनांत ही परीक्षा करूं नये असें स्पष्ट सांगितलेलें आहे, आणि भारत सरकारच्या २००९ च्या उपचारपद्धतींतहि तिला जागा नाहीं. तरीहि ती अनेक ठिकाणीं होत राहिली. खोटी ठरलेली रीति सुटत नसेल तर ती कोणत्या तरी दुसऱ्याच गरजेस उपयोगी पडत असली पाहिजे.

शरीराचें उत्तर मोजूं गेलें असतां फसगत होण्याचें हें एकच उदाहरण नव्हे. याच पिर्केनें १९०७ सालीं क्षयाच्या जंतूंपासून काढलेलें द्रव्य कातडींत घालून क्षयाचा संसर्ग ओळखण्याची युक्ति काढली. आजहि हातावर टोंचून दोन-तीन दिवसांनीं सूज किती मिलिमीटर आली तें पट्टीनें मोजतात. सूज आली म्हणजे शरीरानें जंतूची ओळख धरली, हें खरें. पण पुढें लोक असें मानूं लागले कीं ओळख धरली म्हणजे बचावहि होणार. १९६८ सालीं तामिळनाडूंतील चिंगलपेट जिल्ह्यांत बीसीजी लशीचा फार मोठा प्रयोग सुरू झाला. लस घेतलेल्यांच्या हातांवर अपेक्षेप्रमाणें सूज दिसूं लागली. परंतु मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून या लशीनें तेथें संरक्षण मिळालें नाहीं, असें वर्षानुवर्षें पाहिल्यावर कळलें. लहान मुलांच्या मेंदूस होणाऱ्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांत ती उपयोगी आहे, म्हणून ती आजहि देतात. तो प्रश्न वेगळा. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं माप खरें होतें, सूजहि खरी होती. पण ज्या गोष्टीचें तें माप म्हणून घेतलें गेलें ती गोष्ट निराळीच होती. मोजतां येण्यासारखें जें असतें तेंच महत्त्वाचें आहे असें मानण्याकडे आपल्या मनाचा ओढा असतो. आंकडा हातीं आला कीं आपण कोणता प्रश्न विचारावयास निघालों होतों त्याचा विसर पडतो.

आतां एका दुसऱ्या परीक्षेकडे वळूं. घोणस किंवा फुरसें यांच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नष्ट होते. तें झालें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोग्याचें दोन मिलिलिटर रक्त एका स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेतात, नळी वीस मिनिटें मुळींच न हालवितां उभी ठेवतात, व मग ती आडवी करून पाहतात. रक्त गोठलेलें असेल तर तूर्त ठीक; ओघळलें तर विष अंगांत भिनलेलें आहे, प्रतिविष दिलेंच पाहिजे. दिल्यानंतर सहा तासांनीं पुन्हा तीच नळी, तीच वीस मिनिटें. या परीक्षेस यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं. मुरबाडच्या एखाद्या आडवळणाच्या आरोग्य केंद्रांत कंदिलाच्या उजेडांतहि ती करतां येते. नाग व मण्यार यांच्या दंशांत तिचा उपयोग नाहीं. तेथें पापण्या मिटूं लागल्या काय, श्वास जड झाला काय, हें पाहावें लागतें. पण आपल्या मर्यादेंत ती प्रामाणिक आहे.

दोन परीक्षा, दोहोंस वीस मिनिटें. एक कातडीवर, एक नळींत. दोन्हींत डॉक्टर घड्याळाकडे पाहत बसलेला. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांस दोहोंत कांहींच फरक दिसणार नाहीं. फरक आहे तो प्रश्नाचा. नळी असें विचारते: या माणसास काय झालें आहे, व त्यास काय हवें आहे? थेंब असें विचारतो: मीं औषध दिलें तर माझ्या हातून कांहीं विपरीत तर घडणार नाहीं ना? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कांहींहि आलें तरी तें रोग्याच्या उपयोगी पडतें. दुसऱ्याचें उत्तर 'नाहीं' असें आलें तर डॉक्टर निश्चिंत होतो, आणि 'होय' असें आलें तर डॉक्टर मोकळा होतो. रोगी मात्र दोन्हीं वेळां होता तेथेंच राहतो, उलट त्याचीं वीस मिनिटें खर्ची पडलेलीं असतात. परीक्षेची नीति तिच्या अचूकपणावर जितकी अवलंबून आहे तितकीच ती कोणाचा प्रश्न विचारते यावरहि आहे, असें मला वाटतें. आरंभीं सांगितलेली आई दुधाचा थेंब मुलाच्या जिभेवर टाकीत नाहीं, आपल्या मनगटावर टाकते. वाल्देमार हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईस आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. तेथें धोका परीक्षा करणाऱ्याच्या अंगावर होता. सर्पदंशाच्या डॉक्टरानें स्वतःवर प्रयोग करावा असें कोणी म्हणणार नाहीं, तो मूर्खपणाच होईल. पण परीक्षेनें कोणाचा धोका कमी होतो, एवढें तरी त्यानें स्वतःस विचारावें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. डॉक्टराची भीति ही काल्पनिक भीति आहे काय? प्रतिविषाची प्रतिक्रिया खरी असते; रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, मनुष्य डोळ्यांदेखत जाऊं शकतो. आडगांवीं, रात्रीं, एकट्यानें हें पाहावें लागणें म्हणजे काय, हें शहरांत बसून लिहिणाऱ्यानें सांगूं नये. सावधगिरी हा सद्गुण आहे असें आपणच शिकवीत आलों. मग सावधगिरीनें वागलेल्या तरुणास दोष कां द्यावा?

याचें उत्तर मी असें देतों. सावधगिरी व स्वसंरक्षण हीं दोन वेगळीं आहेत, आणि तीं ओळखण्याची खूण ही कीं सावधगिरी मनुष्यास तयारीकडे नेते, स्वसंरक्षण त्यास नकाराकडे नेतें. प्रतिक्रिया येईल कीं नाहीं हें आधीं सांगतां येत नाहीं, हें एकदां मान्य केलें म्हणजे सावध मनुष्यास एकच मार्ग उरतो: ती येणारच असें धरून बसावें. ॲड्रिनॅलिनची पिचकारी भरून उशाशीं ठेवावी, प्रतिविष सुरू करावें, पहिला तासभर रोग्याजवळून हालूं नये, खाज किंवा गांधी दिसतांच प्रतिविष थांबवावें, ॲड्रिनॅलिन द्यावें, आणि रोगी सांवरला कीं प्रतिविष पुन्हा चालू करावें. श्रीलंकेंतील १००७ रोग्यांवर केलेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर प्रतिविषापूर्वींच ॲड्रिनॅलिनची अल्प मात्रा दिली असतां पहिल्या तासांतील तीव्र प्रतिक्रिया शेंकडा ४३ नीं कमी झाल्या. त्या प्रयोगांत भाकीत कोणाविषयींहि केलें नव्हतें. सर्वांचीच तयारी केली होती.

भविष्य न कळतां कर्म करावें लागणें ही मनुष्याची नित्याचीच स्थिति आहे. बिशप बटलर यानें १७३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत माणसाचा व्यवहार निश्चितीवर चालत नसून संभाव्यतेवर चालतो, हें मोठ्या मार्मिकपणें मांडलें आहे. आपल्याकडे गीतेंत अकर्मासहि कर्माच्याच विचारांत घेतलें आहे, व टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्या विचाराचा कर्मयोगाच्या बाजूनें विस्तार केला. प्रतिविष न देणें हेंहि एक देणेंच आहे. त्यानें रोग्यास विष दिलें जातें, फक्त तें सापाच्या नांवावर लिहिलें जातें. दिल्यामुळें मेला तर माझ्या हातून मेला, न दिल्यामुळें मेला तर दैवानें मेला, हा हिशेब आपल्या मनास सोयीचा आहे. तो खरा मात्र नाहीं.

तयारीचा अर्थ काय हें पाहावयास फार लांब जावयास नको. १९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्य केंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर म्हणून आले, तेव्हां कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें लहान मुलें मरत व त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विषानें हृदयावर होणारा परिणाम त्या नोंदींतून उलगडला, आणि रक्तदाबावरचें प्राझोसिन हें औषध तेथें कामीं येतें हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें तो उपचार सर्वत्र मान्य झाला. मोजणें तेथेंहि होतें, आणि पुष्कळ होतें. पण तें दारावर बसून 'यास आंत घ्यावें कीं नाहीं' हें ठरविणारें मोजणें नव्हतें. आंत घेतलेल्याची सोबत करणारें तें मोजणें होतें.

तथापि सर्व भार त्या एकट्या डॉक्टरावर टाकून मोकळें होणें हेंहि आपलें स्वसंरक्षणच ठरेल. त्यास भित्रा कोणी केला? प्रतिविष देतां देतां रोगी दगावला तर दवाखान्याच्या कांचा फुटतात, फिर्याद होते, वर्तमानपत्रांत नांव येतें. चिठ्ठी लिहून शहरांत पाठविलेला रोगी वाटेंत दगावला तर कोणी कांहीं म्हणत नाहीं. रस्ता वाईट होता एवढेंच म्हणतात. जो समाज कर्म करून चुकणाऱ्यास शिक्षा करतो व न करणाऱ्यास निर्दोष सोडतो, त्यास शेवटीं चिठ्ठ्या लिहिणारेच मिळतात. २०२४ सालीं केंद्र सरकारनें सर्पदंशासाठीं राष्ट्रीय कृति-योजना जाहीर केली आणि २०३० पर्यंत मृत्यु निम्म्यावर आणण्याचा संकल्प केला. संकल्प योग्य आहे. पण त्यासाठीं बाटल्या पोंचविणें जितकें अवश्य तितकेंच ती बाटली उघडणाऱ्या हाताच्या पाठीशीं उभें राहणें अवश्य आहे: त्यास शिक्षण, सोबतीस दुसरें माणूस, आणि प्रामाणिकपणें प्रयत्न करून अपयश आलें तर अभय.

त्या मुलास मीं शेवटीं काय सांगितलें तें सांगून हा लेख पुरा करतों. 'तुझ्या वडिलांचीं मूत्रपिंडें त्या तीन तासांमुळेंच गेलीं असें मला छातीवर हात ठेवून सांगतां येणार नाहीं,' असें मी त्यास म्हणालों. 'घोणशीचें विष लगेच औषध मिळूनहि कधीं कधीं तेवढी हानि करतें. पण डॉक्टरांचें चुकलें, हें मात्र खरें. त्यांनीं वीस मिनिटें वाट पाहिली ही चूक नव्हे. त्या वीस मिनिटांत त्यांनीं तुझ्या वडिलांविषयीं कांहींच विचारलें नाहीं, स्वतःविषयीं विचारलें, ही चूक.' तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'त्यांनाहि तें कोणी शिकविलें नसेल, सर.' यावर मला बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. शिकविणाऱ्यांत आम्हीहि येतों. विद्यार्थ्यास उत्तर बरोबर कीं चूक हें आम्ही वर्षानुवर्षें तपासत आलों; तो प्रश्न कोणासाठीं विचारतो आहे, हें क्वचित्च तपासलें.